नवी तार

पेडलांच्या मोठ्या हार्पास ४७ तारा असतात. त्यांत ‘सी’ स्वराच्या तांबड्या व ‘एफ’ स्वराच्या काळ्या किंवा निळ्या असल्यामुळे तुटलेली तार कोणती, हे ओळखता येते. तिच्याच जाडीची नवी तार हवी. नाहीतर नाद बिघडतो. टोकास गाठ मारून ती आतून तबलीच्या छिद्रातून वर ओढतात व खुंटीस गुंडाळतात. तथापि नवी तार ताणत जाते, आणि कित्येक दिवस पुनःपुन्हा उतरते. तिला रोज जुळवावे लागते. एकदम पिळल्यास ती तुटण्याचे भय असते.

वर्गात नवे आलेले मूल मागे पडले, म्हणजे आम्हांस हीच तार आठवते. पालकहो, खुंटी पिळण्याची घाई करू नका. तार वाईट नाही, नवी आहे.