गाडीतली बाई

रहस्यकथा लिहायची असे मी ठरवले तेव्हा घरात कोणालाच त्याचे कौतुक वाटले नाही. कविता लिहीत होतो तोवर अम्मी निदान पाहुण्यांना सांगायची, ‘शायरी करता है.’ खुनाच्या गोष्टी लिहितो हे मात्र सांगायला तिला लाज वाटायची. खरे तर या वेडाला तीही जबाबदार होती. सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याने पुस्तके मिळत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड मी तिथूनच घरी आणले. अम्मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. तिला मराठी वाचता येत नव्हते, पण खुनी कोण हे ती माझ्या आधी ओळखायची.

पुढे नोकरी लागली, लग्न झाले, केस पांढरे झाले. मग वाटले, आपणही एक रहस्यकथा लिहावी. पण ती इतिहासातली असावी. विषय सापडला तो बावला खून खटल्याचा. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईचे धनवान व्यापारी अब्दुल कादर बावला मलबार हिलवरून मोटारीने चालले होते. सोबत मुमताज बेगम होती. ती पूर्वी इंदूरच्या महाराजांच्या पदरी होती आणि तिथून निघून आली होती. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या लोकांनी गाडी अडवली. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. योगायोगाने त्याच रस्त्याने इंग्रज लष्करी अधिकारी येत होते. ते मध्ये पडले म्हणून तिला पळवून नेता आले नाही. रहस्यकथेला आणखी काय हवे? राजा, व्यापारी, सुंदर स्त्री, मोटारी, पिस्तुले!

मी कामाला लागलो. एक म्हातारा हवालदार कल्पनेने उभा केला आणि त्याच्या तोंडून गोष्ट सांगायला सुरुवात केली. पण इतिहास पावलोपावली अडवू लागला. माझा एक साक्षीदार बसमधून उतरत होता. मुंबईत मोटारबस सुरू झाली १५ जुलै १९२६ रोजी, म्हणजे खुनानंतर दीड वर्षाने. त्याला ट्राममध्ये बसवले. दुसरा एक जण बोरीबंदरहून विजेच्या गाडीने कुर्ल्याला जात होता. ती गाडी धावू लागली ३ फेब्रुवारी १९२५ ला; तोही तीन आठवडे आधीच निघाला होता! सर्वांत मजा आली ती घड्याळाची. रेल्वे चालायची भारतीय प्रमाणवेळेवर आणि मुंबई शहराने मात्र आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक. एकाच शहरात दोन घड्याळे! ‘मी तेव्हा स्टेशनवर होतो’ असे म्हणणाऱ्या संशयिताला पकडायला किंवा सोडवायला ही ३९ मिनिटे पुरेशी होती. मी त्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले आणि स्वतःवरच खूश झालो.

त्या खुशीतच पहिली शंभर पाने घेऊन अम्मीकडे गेलो. तिच्या हातून विड्या केव्हाच सुटल्या होत्या, पण ऐकायची सवय तीच होती. मी वाचत गेलो. मुमताजचे डोळे, मुमताजची साडी, मोटारीत तिचे हसणे, चेहऱ्यावरची ती जखम. दोन दिवस अम्मीने मध्ये एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी वाचन संपले, तेव्हा तिने एवढेच विचारले,

“उसकू पूछे क्या रे कोई?”

तिला कोणी विचारले का? मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, “अम्मी, ती साक्षीदार आहे. कोर्टात तिची साक्ष झाली.”

“कोरट का नै. तू पूछा क्या?”

आमच्या घरात एक ‘टांग्याची गोष्ट’ प्रसिद्ध आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अम्मी भांडून माहेरी आली होती. चौथ्या दिवशी मोठ्या मामूंनी टांगा बोलावला, तिला आत बसवले आणि थेट अब्बांच्या दारात आणून सोडले. वाटेत घोडा अडला, मामूंची टोपी गटारात पडली, टांगेवाल्याने दुप्पट पैसे मागितले. प्रत्येक ईदला ही गोष्ट निघायची आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही. अम्मी शिरखुर्मा वाढत असायची. ती का आली होती आणि परत जायला तयार होती का, हे चाळीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. गोष्टीत घोडा होता, टोपी होती, टांगेवाला होता. गाडीतली बाई नुसती बसलेली होती.

घरी येऊन मी खटल्याची टिपणे पुन्हा काढली. माझ्याच अक्षरात तिची साक्ष लिहून ठेवलेली होती. इंदूरला आपल्याला राहायचे नव्हते, असे तिने न्यायालयात स्पष्ट सांगितले होते. आपल्या तान्ह्या मुलीला नर्सेसनी मारले, असा आरोप तिने शपथेवर केला होता. हे मी टिपून ठेवले होते आणि शंभर पानांत कुठेही वापरले नव्हते. मोटारबसची तारीख मात्र तपासली होती. त्याच वर्षी या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपटही आला होता. तिच्या दुःखाची करमणूक करणारा मी पहिला नव्हतो, एवढेच.

आपल्याकडे ही खोड जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरले राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी राहिला तो आनंदीबाईने केलेला ‘ध’ चा ‘मा’. ती गोष्ट जितकी पक्की रुजली, तितका तिला पुरावा नाही. रहस्य उलगडत नसले की आपण बाईकडे बोट दाखवतो आणि निश्चिंत होतो.

बावला खटल्यात नऊ आरोपी उभे होते. त्यांतल्या एकासाठी बॅरिस्टर जिनांनी युक्तिवाद केला होता. काहींना फाशीची शिक्षा झाली, काहींना जन्मठेप. महाराज तुकोजीराव होळकर १९२६ मध्ये गादीवरून पायउतार झाले. न्यायालयासमोर मात्र ते कधी उभे राहिले नाहीत. एका प्रकाशकाने मला सुचवले, ‘शेवटी तुमच्या हवालदाराला एखादे गुप्त पत्र सापडू द्या. वाचकाला नाव हवे असते.’ मी नकार दिला. हवालदार माझा आहे, त्याचा चहा, खोकला, बायको सगळे माझे आहे. पण खऱ्या माणसाविरुद्ध खोटा पुरावा मी कादंबरीतसुद्धा तयार करणार नाही. मेलेला माणूस वकील देऊ शकत नाही.

ती शंभर पाने मी बाजूला ठेवली. ३९ मिनिटांचे प्रकरण तेवढे राखले, त्याचा मोह सुटला नाही. आता कादंबरी मलबार हिलवर सुरू होत नाही. एक बाई ‘मला परत जायचे नाही’ म्हणते, तिथून ती सुरू होते.

हे नवे पहिले पान अम्मीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “टांगेवाले का नाम हुसेन था. भला आदमी था. वापस जाना क्या, पूछा था उसने.”

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.