लोकरीचा उन्हाळा

दिवाळी सरली की भंडाऱ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. यंदा लुधियानाचा गठ्ठा फोडला, नव्या लोकरीचा वास आला आणि दुकानवाल्या मावशींना एकदम मळमळलं. मुलगा म्हणाला, पित्त झालं असेल. पित्त नव्हतं. मिसामारी होती.

१९५९च्या मार्चमध्ये ल्हासातला उठाव चिरडला गेला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं. आसामात मिसामारीला बांबूच्या झोपड्यांची छावणी पडली. मावशी तेव्हा पाच-सहा वर्षांच्या. अंगात घोळदार लोकरी छुबा, बाहेर आसामचा उन्हाळा. मानेवर घामोळं फुटायचं, गळपट्टी त्याला चिकटायची. पण आई छुबा काढू देईना. आज ना उद्या परत जायचं, मग वाटेतल्या बर्फात काय घालशील? छावणीत उकाड्यानं, आजारानं माणसं दगावत होती, तरी आईचं पालुपद तेच.

पुढचं मावशी चटकन उरकतात. आईबाप हिमाचलात रस्त्याच्या कामावर. १९७२मध्ये गोठणगावजवळ नॉर्गेलिंग वसाहत झाली, मग धानाची शेती. १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, वसाहत तिकडे गेली. तिबेटी माणूस तिला अजून भंडाराच म्हणतो.

दुकानावर एकदा एका गुरुजींनी वळिवड्याची गोष्ट काढली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका नि पोरं. सोव्हिएतांनी सायबेरियात नेलेले, इराणमार्गे आलेले. मावशींनी एवढंच विचारलं, "परत गेले का?" कित्येक जण पोलंडऐवजी इंग्लंडला गेले, आणि त्यांच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच. मावशी पुन्हा घड्या घालू लागल्या.

त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर. गळ्यात ठसठशीत पोत, आणि "काहून जी, एवढा महाग?" म्हणत वीस रुपयांसाठी अर्धा तास खाणारी गिऱ्हाइकं.

नातू आता टोरंटोत असतो. परवा फोनवर त्यानं नवं जाकीट दाखवलं. किंमत रुपयांत ऐकून मावशी ताडकन उठून बसल्या. "भाव केलास का?"

"इथं भाव करत नाहीत, आजी."

"तू विचारलंस तरी का?"