धाकट्याचा डाव

ज्या खेळात मागे फिरता येत नाही, त्या खेळाकडे तीस वर्षांनी मागे फिरून जाणे ही मोठी गमतीची गोष्ट आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेमविषयी मी बोलतो आहे. त्यातला मिशीवाला मारिओ डावीकडून उजवीकडे धावत सुटतो आणि पडद्याची डावी कड त्याच्या मागोमाग सरकत येते. एखादे नाणे वेचायचे राहिले म्हणून चार पावले उलटी टाकावीत, तर ती कड भिंतीसारखी आडवी येते. मागे पडलेला प्रदेश गेला तो गेलाच. आयुष्याला प्रवासाची उपमा देणारे कवी आपल्याकडे उदंड झाले. पण मागचा रस्ता खरोखरीच पुसून टाकणारा प्रवास मी प्रथम पाहिला तो या खेळात.

हा खेळ जपानातल्या क्योतो शहरचा. निन्टेंडो ही कंपनी तिथे १८८९ साली निघाली ती पत्ते विकण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते ती करी. पुढे १९८३ साली तिने घरच्या टीव्हीला जोडायचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र काढले, आणि त्या यंत्रासाठी १३ सप्टेंबर १९८५ रोजी हा खेळ बाजारात आणला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. १९५२ साली क्योतोजवळच्या सोनोबे गावी जन्मलेल्या या माणसाला लहानपणी भटकताना एक गुहा सापडली होती, आणि कंदील घेऊन तो तिच्यात उतरला होता. ही आठवण त्याने स्वतःच मुलाखतींतून सांगितली आहे. मारिओ हिरव्या पाइपातून जमिनीखाली उतरतो, भोवती काळोख आणि समोर नाण्यांच्या रांगा असतात, तेव्हा मला तो कंदीलवाला पोरगा दिसू लागतो.

आठ जगे, प्रत्येक जगाचे चार टप्पे, असे हे बत्तीस टप्प्यांचे राज्य मियामोतो आणि त्याचा सहकारी ताकाशी तेझुका यांनी आधी कागदावर चौकोनाचौकोनांनी आखले. ते सारे, कोजी कोंदोच्या संगीतासकट, ४० किलोबाइटांत बसवले आहे. हा माझा लेख संगणकात साठवायचा म्हटले, तर तोच त्यातली निम्म्याहून अधिक जागा खाईल! म्हणून त्या कारागिरांनी गरिबाच्या संसारासारखी काटकसर केली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचे चित्र एकच. पांढरे रंगवले की ढग, हिरवे रंगवले की झुडूप. गूम्बा नावाचा तपकिरी शत्रू सर्वांत शेवटी सुचला. तोवर जागा संपत आली होती, म्हणून एकच चित्र आलटून पालटून उलटे दाखवले आणि त्याला चालते केले. खुद्द मारिओची मिशीही हौसेची नव्हे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात तो प्रथम आला, तेव्हा मोजक्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी आली आणि केस काढणे जमेना म्हणून टोपी.

आणि लुईजी. हा मारिओचा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी वेगळे चित्र काढलेलेच नाही. आकृती मारिओचीच, कपड्यांचा रंग तेवढा दुसरा. ज्या घरात थोरल्याचा सदरा दोन वर्षांनी धाकट्याच्या अंगावर येतो, त्या घरातल्या धाकट्याला लुईजी कोण हे समजावून सांगावे लागत नाही. मी अशाच एका घरातला धाकटा आहे.

आमच्या गावात हा खेळ १९९३ च्या सुमारास आला तो नकली यंत्रातून. जगभर या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या म्हणतात. आमच्या घरातली प्रत त्या हिशेबात धरलेली नसणार हे नक्की. पिवळ्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापले होते. आत मोजून दहाबारा खेळ होते, तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढून तिच्यात फुंकर मारत असू. फुंकरीने काही होत नव्हते, काढून पुन्हा बसवल्यानेच काम होत होते. पण दादाच्या फुंकरीवर माझी श्रद्धा होती. दादा सोळा वर्षांचा, मी बारा. पहिला रिमोट त्याचा, दुसरा माझा. याविषयी घरात कधी चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही.

दोघांनी खेळायचे तर या खेळाचा नियम मोठा कडक आहे. दोघे भाऊ एकाच वेळी पडद्यावर कधी येत नाहीत. आधी मारिओ खेळतो. तो खड्ड्यात पडला, आगीत जळाला, कासवाने त्याला गाठले, म्हणजे त्याचा एक जीव गेला की पडदा काळा होतो आणि त्यावर लुईजीचे नाव उमटते. थोरला मेल्याशिवाय धाकट्याचा डाव येत नाही. थोरला एकदाही न मरता खेळत राहिला, तर धाकट्याने रिमोट हातात धरून नुसते बसून राहायचे.

मी तासन्‌तास असा बसलो आहे. त्या बसण्यात मनाची जी अवस्था होई तिला मला अजून नाव सापडलेले नाही. दादा केव्हा पडतो याकडे माझे डोळे लागलेले असत. आणि त्याच वेळी तो पडू नये असेही वाटे, कारण पुढचा प्रदेश मला दाखवणारा तोच होता. पाण्याखालचा टप्पा, हवेत तरंगणारे पूल, हातोडे फेकणारी कासवे, हे सगळे मी प्रथम त्याच्या डावात पाहिले. तो एखादा अवघड खड्डा ओलांडून गेला की मी टाळी वाजवी, आणि टाळी वाजवता वाजवता आपला डाव आणखी लांबला हेही मनात येई.

शाळेत मुलांना शिकवू लागल्यापासून या खेळाचा पहिला टप्पा मला विशेष वाटू लागला आहे. त्यात सूचनेचे एक अक्षर नाही. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो. उजवीकडे सारी जागा मोकळी. कुठे जायचे हे ती मोकळी जागाच सांगते. समोरून गूम्बा येतो. नवखा त्याला धडकतो आणि मरतो. दुसऱ्या खेपेला उडी मारतो, त्याच्या डोक्यावर पडतो आणि शत्रू कसा चिरडायचा हे शिकतो. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून अळंबी निघते. ती घेतली की मारिओ मोठा होतो. पण तिचे रूप गूम्बाच्या जवळपासचे, तेव्हा नवखा तिला भिणारच. म्हणून अशी योजना केली आहे की अळंबी घरंगळत जाऊन पाइपाला आपटते आणि उलटून मारिओच्याच अंगावर येते. टप्प्याच्या शेवटाकडे दोन दगडी जिने समोरासमोर येतात; पहिल्या जोडीच्या मध्ये घट्ट जमीन आहे, दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा. उडी चुकली तरी चालेल अशा जागी आधी सराव, मग परीक्षा. इतका विचारी गुरुजी मला माझ्या व्यवसायात क्वचितच भेटला आहे.

मात्र ही सगळी शिकवण पहिल्यासाठी आहे. मला गूम्बाने कधी मारले नाही. दादाला त्याने पहिल्याच डावात मारले, आणि ते मी पाहिले होते. अळंबीला मी कधी भ्यालो नाही. कोणत्या पाइपातून जमिनीखाली उतरता येते हे मला फुकट कळले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपल्याकडे म्हणतात ना, ते इथे अक्षरशः खरे आहे. फक्त दोन गोष्टी ती म्हण सांगत नाही. एक अशी, की मागच्याला शहाणपण मिळाले तरी रस्ता आयता मिळत नाही. दादा पाचव्या जगात पोचलेला असला तरी माझा लुईजी पहिल्या जगाच्या पहिल्या विटेपाशीच उभा असे. आणि दुसरी अशी, की ठेच लागल्यावर पुढच्याचे काय झाले, याची वास्तपुस्त ती म्हण करत नाही.

वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून तो किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसला. तीन वर्षांत दुकान उधारीत बुडाले. मग तो पुण्याला एका कारखान्यात लागला; तो बंद पडल्यावर गावी परत आला आणि पिठाची गिरणी काढली. गिरणी बरी चालू लागली, तेव्हा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि त्याचे हप्ते सात वर्षे भरत बसला. मी मागून पाहत होतो. मी आयुष्यात कुणाला उधार दिले नाही, कुणाला जामीन राहिलो नाही, आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल अशी नोकरी धरली. लोक मला व्यवहारी म्हणतात. माझा व्यवहारीपणा म्हणजे दादाच्या ठेचांची यादी आहे, हे मला आणि त्याला दोघांनाही ठाऊक होते. आणि त्याने ते कधी बोलून दाखवले नाही.

या खेळात प्रत्येक जगाच्या अखेरीस एक किल्ला आहे. आतल्या राक्षसाचा पाडाव करून पुढे जावे, तो एक ठेंगू सेवक आभार मानतो आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे असे सांगतो. एकदा नव्हे, सात वेळा. दादा हे वाचून दर खेपेला मोठ्याने हसे आणि पुढच्या जगात पाऊल टाकी. पुण्याहून ट्रंक घेऊन एसटीतून उतरला, तेव्हाही तो असाच हसला होता. आठव्या किल्ल्यापर्यंत तो कधी पोचला नाही. २०२१ साली दादा गेला.

यंदा मे महिन्यात त्याचा मुलगा सुट्टीला आमच्याकडे आला. येताना त्याने मित्राकडून एक तळहाताएवढी डबी आणली होती. निन्टेंडोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची ही छोटी प्रतिकृती काढली; तिच्यात तीस जुने खेळ भरलेले आहेत. त्याला मारिओ नावाने माहीत होता, खेळलेला नव्हता. टीव्हीला डबी जोडून त्याने दोन रिमोट पुढे ठेवले. मी सवयीने दुसरा उचलला. तो म्हणाला, “काका, पहिला तुम्ही घ्या ना. मला कुठे काय येतंय?”

त्या रिमोटला मी यापूर्वी पहिला म्हणून कधी हात लावला नव्हता.

जुन्या गावी गेले की वड तोडलेला असतो, विहीर बुजवलेली असते, आणि आपण उसासे टाकतो. इथे तसे काही नव्हते. त्या चाळीस किलोबाइटांतली एक वीट हलली नव्हती. ढग तेच, झुडपे तीच, गूम्बा त्याच ठिकाणाहून त्याच चालीने आला. बोटांना सारे आठवत होते. कोपऱ्यातला वेळ ४०० पासून खाली उतरू लागला. ते आकडे सेकंदापेक्षा भरभर उतरतात, हे मात्र मी विसरलो होतो. शेजारी दुसरा रिमोट हातात धरून तो पोरगा पडद्याकडे पाहत होता. त्याचे पाहणे मला ओळखीचे होते. मी पडावे असे त्याला वाटत होते आणि पडू नये असेही वाटत होते.

पहिल्या जगाचा किल्ला मी घेतला. राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात असल्याचे वाचून पोरगा मोठ्याने हसला, तो हुबेहूब बापासारखा. दुसऱ्या जगाच्या तिसऱ्या टप्प्यावर एक लांबलचक पूल आहे. खालून मासे उसळून अंगावर येतात. मारिओ पळत सुटला, एक मासा पुढून वर आला, आणि मी गेलो. पडदा काळा झाला. त्यावर लुईजीचे नाव आले.

पोरगा सरसावून बसला. पहिला गूम्बा त्याने सहज चिरडला, अळंबी न भिता घेतली, आणि मी दाखवलेल्या पाइपातून खाली उतरला. नाणी वेचता वेचता, पडद्यावरची नजर न काढता तो मला म्हणाला, “काका, त्या पुलावर पळायचं नसतं. मासा वर येऊ द्यायचा, मग जायचं. तुम्ही घाई केली.”

दादाला हे मी कितीदा तरी सांगितले होते. आणि तोही माझ्यासारखाच काही न बोलता, रिमोट मांडीवर ठेवून, माझा डाव पाहत बसे.