तळमजल्यावरचे उदयपूर

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांना उदयपूर हे शनिवार-रविवारचे गाव वाटते. अहमदाबाद, हिंमतनगर, शामळाजी असे करीत राजस्थानची हद्द ओलांडावी, खेरवाडा आणि ऋषभदेव मागे टाकावे, की अरवलीच्या कुशीतले ते तळ्यांचे शहर येते. एका निवृत्त दांपत्याच्या घरी ही सहल वर्षानुवर्षे ठरत आली होती. ह्या हिवाळ्यात ती खरोखर ठरू लागली, तेव्हा तिच्या मध्यभागी होता एक तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर. मागचे पाय आखडलेले, एका डोळ्यावर निळसर साय. मुलगी परदेशी गेली त्या वर्षी तो घरात आला. त्याला दोन दिवस कुणाकडे सोपवणे दोघांनाही मान्य नव्हते, आणि पुढच्या हिवाळ्याचा विषय कुणी काढत नव्हते.

आगगाडीचा विचार लवकरच मागे पडला. पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शय्यांचा कक्ष सबंध राखून ठेवला तरच कुत्र्याला धन्याजवळ बसता येते. एरवी त्याच्या वाट्याला गार्डाच्या डब्यातली पेटी. तेव्हा स्वतःची मोटार, दर दोन तासांनी थांबा, पाण्याचे भांडे हाताशी.

मग राहण्याच्या जागेसाठी दूरध्वनी सुरू झाले. ‘कुत्रा चालेल का?’ ह्या प्रश्नाला सरळ नकार क्वचितच मिळतो. लहान आहे का, भुंकतो का, खोलीत एकटा राहणार नाही ना, अशी चौकशी होते आणि शेवटी जादा आकाराचा आकडा येतो. युधिष्ठिराला ही अडवणूक एकदाच, स्वर्गाच्या दाराशी सोसावी लागली. ह्या गृहस्थांना ती एका दुपारी सात वेळा सोसावी लागली.

खरी अडचण निराळीच निघाली. पिछोल्याकाठच्या जुन्या हवेल्यांतून तळे दिसते ते वरच्या मजल्यांवरून, आणि तिथले जिने अरुंद व उभे. खिडकीतून पिछोल्याचे पाणी पाहावे, एवढीच बाईंची इच्छा. तीही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनची. गृहस्थ फोनवर हात ठेवून थांबले. “अहो, तळमजल्याचीच घ्या,” बाई म्हणाल्या. “पाणी काय, घाटावरूनही दिसतं. त्याला जिने कोण चढवणार?” ह्या वाक्यावर पुढे चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती असे कुणाला वाटेल. पण संसारातले मोठे निर्णय बहुधा असेच, फोन धरलेला असताना होतात.

त्यानंतर नकाशाच बदलला. सज्जनगड अभयारण्यात, म्हणून वगळला. जगमंदिराची नाव वगळली. 1651 साली बांधलेल्या जगदीश मंदिराच्या बत्तीस पायऱ्या एकाने चढायच्या, दुसऱ्याने खाली थांबायचे, मग पाळी बदलायची. प्रवासवर्णनांत दुय्यम ठरणारी फतेहसागरची पाळ मात्र अग्रस्थानी आली: सपाट, लांब, सकाळी गार. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ तळव्यांपुरताच, आणि उन्हाने तापलेली फरशी त्याच तळव्यांना भाजते. हाताची मागची बाजू सात सेकंद दगडावर टेकवता आली नाही तर त्याला त्यावर चालवू नये, असे पशुवैद्यांनी सांगितले होते.

जुन्या शहराच्या गल्ल्यांची धास्ती वेगळी. भटक्या कुत्र्यांना निर्बीजीकरण आणि लसीकरण करून पकडल्या जागीच परत सोडावे, असा 2023 च्या नियमांचा दंडक आहे. त्या कुत्र्यांच्या कानाला ओळखीची खाच असते. म्हणजे गल्लीत हक्काचे रहिवासी ते, आणि साखळीने येणारा हा म्हातारा उपरा. घाटाकडे जायचे ते मोठ्या रस्त्याने, असे ठरले.

लसीचा दाखला, सांध्यांच्या गोळ्या, नेहमीचेच अन्न. हवेलीची फरशी घोटीव असणार, तिच्यावर त्याचे पाय घसरणार, म्हणून बाईंनी त्याची जुनी गोधडी कपाटातून काढली. ती दिसताच तो सावकाश उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. निघायला अजून चार दिवस होते.