कोची : चिनी जाळ्यांपासून चेरलाईपर्यंत

कोचीचा जुना भाग एका चिंचोळ्या भूशिरावर वसलेला आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडीचे संथ पाणी आणि मधल्या पट्टीवर फोर्ट कोची व मट्टनचेरी. समुद्रकाठच्या चिनी जाळ्यांपासून मट्टनचेरीतल्या चेरलाई या कोकणी वस्तीपर्यंत तीन-चार किलोमीटरांची वाट आहे. रिक्षाने ती पंधरा मिनिटांत संपते. प्रस्तुत लेखकाने ती डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी पायी केली आणि दोन दिवसही अपुरे पडले.

या बंदराचा जन्म एका पुरातून झाला. रोमन जहाजे मिरीसाठी येत ते मुझिरिस बंदर उत्तरेला, कोडुंगल्लूरजवळ होते. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने तिथला मार्ग गाळाने भरला आणि दक्षिणेला कोचीजवळ समुद्राकडे खोल मुख मोकळे झाले. व्यापार तिकडून इकडे सरकला. पुढच्या काळात इथे जे कोणी आले, त्यांतले बहुतेक या मुखातूनच आत आले.

त्या मुखाशीच चिनी जाळी उभी आहेत. मल्याळममध्ये त्यांना 'चीनवला' म्हणतात. ती चीनमधून थेट आली, असे परंपरा सांगते. पोर्तुगीजांनी मकावहून आणली, असेही एक मत आहे. सागाच्या आणि बांबूच्या वाशांचा प्रचंड सांगाडा, त्याच्या एका टोकाला पसरलेले जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड अशी तराजूसारखी रचना असते. एक माणूस मुख्य वाशावर चालत पुढे गेला की त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-सहा जण दोर ओढतात आणि जाळे वर येते. दगडांचे दोर मुद्दाम कमीअधिक लांबीचे ठेवलेले असतात. जाळे वर चढू लागले की दगड एकामागून एक खालच्या फळ्यांवर टेकतात आणि तोल शेवटपर्यंत राहतो. हे वाचून कळत नाही. कोळ्यांनी हात लावायला बोलावले तेव्हा लेखकाने दोर धरला. पहिल्या दोन ओढींत सारे वजन खांद्यावर आल्यासारखे वाटले आणि तिसऱ्या ओढीला ते दगडांनी उचलून घेतले. वर आलेल्या जाळ्यात ओंजळभर मासळी होती. सागाचे वासे महाग झाल्याने काही जाळ्यांना आता लोखंडी नळ्या लावल्या आहेत. माणसे मात्र तेवढीच लागतात.

जाळ्यांकडून दक्षिणेला वळले की किल्ल्याची हद्द सुरू होते. किल्ला मात्र दिसत नाही. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल कोचीला आला. कालिकतच्या राजाशी, म्हणजे झामोरिनशी, वैर असलेल्या कोचीच्या राजाने पोर्तुगीजांना आश्रय दिला आणि १५०३ मध्ये त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला. १५३० साली राजधानी गोव्याला हलेपर्यंत पोर्तुगीजांचा भारतातला कारभार कोचीतून चाले. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, १७९५ मध्ये इंग्रजांनी. प्रत्येक नव्या मालकाने आधीच्याची तटबंदी मोडली. आज स्ट्रॉमबर्ग बुरुजाच्या जागी १६६७ मधला बॅस्टियन बंगला उरला आहे आणि रस्त्यांवर विलायती शिरीषाच्या अवाढव्य फांद्यांची कमान.

सेंट फ्रान्सिस चर्च या तिन्ही सत्तांनी वापरले, म्हणून तिथे थांबणे भाग आहे. पोर्तुगीजांचे लाकडी चर्च १५१६ च्या सुमारास पक्के झाले. डचांनी ते प्रॉटेस्टंट केले, इंग्रजांच्या काळात ते अँग्लिकनांकडे गेले आणि आजचे नावही तेव्हाच मिळाले. २४ डिसेंबर १५२४ रोजी वास्को द गामा कोचीत वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. आज त्याच्या थडग्याच्या जागेभोवती छोटे कठडे आहेत आणि आत काही नाही. त्या रिकाम्या चौकटीपेक्षा भिंतींतल्या थडग्यांच्या शिळा जास्त वेळ मागतात. पूर्वी जमिनीत बसवलेल्या या पोर्तुगीज आणि डच शिळा आता भिंतींना लावून उभ्या आहेत. छताला लांब कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर जातात; प्रार्थना आत चाले आणि पंखा ओढणारा बाहेर उन्हात बसे. शिळा आतल्यांच्या आहेत; बाहेरच्याचे नाव कुठेही कोरलेले नाही.

समुद्राजवळची डच दफनभूमी १७२४ मधली. फाटकाला कुलूप असते, गवतातले दगड कुंपणाबाहेरूनच दिसतात. सांताक्रूझ बॅसिलिकाची मूळ वास्तू इंग्रजांनी पाडली; आजची १९०५ मध्ये समर्पित झाली. प्रिन्सेस स्ट्रीटवरची घरे रंगवून कॅफे झाली आहेत. अॅस्पिनवॉल हाऊस हे जुने व्यापारी आवार २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनासाठी ओळखले जाऊ लागले. त्या बिएनालेचे संस्थापक बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार.

कल्वत्तीचा कालवा ओलांडला की शहर बदलते. १९४७ पर्यंत किल्ल्याकडचा भाग ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात होता आणि मट्टनचेरी कोची संस्थानात. १९६७ साली महानगरपालिका झाली तेव्हा दोन्ही एका कारभाराखाली आले. रुंद रस्ते आणि झाडे मागे राहतात. बाजार रोडच्या दोन्ही बाजूंना वखारी लागतात, ज्यांची मागची दारे थेट खाडीच्या पाण्यावर उघडतात. होड्यांतून माल आत आणि पुढच्या दाराने रस्त्यावर, अशी ही सोय. आता माल ट्रकने येतो, तरी सुंठ, मिरी आणि सुक्या मिरचीचा वास एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत बदलत जातो. लेखकाच्या मते कोचीचा इतिहास कळण्यासाठी हा दीडएक किलोमीटर सगळ्यात मोलाचा. किल्ल्याकडे जे राज्य करायला आले ते शिळा ठेवून गेले. या बाजूला जे व्यापाराला किंवा आसऱ्याला आले, त्यांतल्या पुष्कळांची घरे अजून नांदती आहेत. गुजराती रोडवर कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या जैन मंदिरात दुपारी कबुतरांना दाणे टाकतात, तेव्हा आवार पंखांच्या आवाजाने भरून जाते.

मट्टनचेरीचा राजवाडा 'डच पॅलेस' म्हणून ओळखला जातो, पण तो बांधला पोर्तुगीजांनी, सुमारे १५५५ साली, राजा वीर केरळ वर्माला नजराणा म्हणून. डचांनी फक्त दुरुस्ती केली. बाहेरून पांढरा, बुटका, साधा चौसोपी वाडा. मधल्या चौकात पळयन्नूर भगवतीचे देऊळ. शयनगृहाच्या भिंतींवर मात्र रामायण चितारलेले आहे. दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परतेपर्यंतची कथा गेरू, पिवळा, हिरवा आणि काळा अशा मोजक्या रंगांत येते आणि आकृती इतक्या दाटीने बसवलेल्या आहेत की मोकळी भिंत शोधावी लागते. दुसऱ्या एका दालनात काही प्रसंग नुसत्या रेघांतच राहिले आहेत. रंग भरण्याआधीची ती रेघ पाहून चित्रकाराच्या हाताचा वेग कळतो, म्हणून लेखक तिथे सर्वांत जास्त वेळ उभा राहिला.

राजवाड्याच्या आवारातल्या देवळाच्या भिंतीला लागूनच परदेशी सिनेगॉग आहे. १५६८ साली ते बांधण्यासाठी राजाने आपल्या वाड्याशेजारची जागा ज्यूंना दिली. 'परदेशी' म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडून आलेले. त्यांच्या आधीपासून इथे असलेले मलबारी ज्यू वेगळे. शनिवारी शब्बाथमुळे सिनेगॉग बंद होते, त्यामुळे लेखकाला रविवारी पुन्हा यावे लागले. चपला काढून आत जायचे. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हाताने रंगवलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. अनवाणी पायांना त्या गार लागतात. या फरशा आणि १७६० चा घड्याळ-मनोरा या दोन्हींशी डच कंपनीबरोबर व्यापार करणाऱ्या एजेकिएल राहाबी यांचे नाव जोडलेले आहे. राहाबी हे नाव कोकणालाही परके नाही. रायगडाकडचे बेने इस्राएल ज्यू, ज्यांना गावोगाव 'शनिवार तेली' म्हणत, आपल्याला धर्माचे विधी पुन्हा शिकवणाऱ्या पुरुषाचे नाव दाविद राहाबी असे सांगतात. काही अभ्यासक त्याला एजेकिएलचाच मुलगा मानतात. इस्राएलच्या स्थापनेनंतर कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. गल्लीतल्या घरांच्या खिडक्यांच्या गजांत सहा टोकांचा तारा अजून आहे, आत दुकाने आहेत.

मट्टनचेरीतच ३ जानेवारी १६५३ रोजी सीरियन ख्रिस्ती लोकांनी क्रूसाला बांधलेले दोर धरून पोर्तुगीज पाद्र्यांचा अंमल न मानण्याची शपथ घेतली. जवळच मंगाट्टुमुक्क येथे कप्पिरी मुत्तप्पनचे छोटे ठाणे आहे. डच आले तेव्हा पोर्तुगीजांनी आपल्या आफ्रिकी गुलामांना मारून खजिन्याच्या राखणीसाठी भिंतींत पुरले, अशी कथा आहे. लोक त्या आत्म्याला चिरूट आणि ताडी वाहतात, मेणबत्ती लावतात. ज्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, त्याला वस्तीने 'मुत्तप्पन' म्हणजे आजोबा केले.

वाट चेरलाईला संपते. सोळाव्या शतकात गोव्यात धर्मांतराचा जाच वाढला तेव्हा गौड सारस्वत कुटुंबे किनाऱ्याने दक्षिणेला उतरली. कोचीच्या राजाने त्यांना जागा दिली आणि शतकाच्या अखेरीस तिरुमल देवस्वमचे वेंकटाचलपतीचे देऊळ उभे राहिले. आसरा कायम सुखाचा नव्हता. १७९१ मध्ये शक्तन तंपुरान राजाशी बिनसले, तेव्हा लोक मूर्ती घेऊन त्रावणकोरात गेले; ती परत यायला १८५३ उजाडले. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याला मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथासाठी साहाय्य केले. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेल्या या बारा खंडांच्या ग्रंथात त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. कोकणी भाषा प्रचार सभाही कोचीतच १९६६ मध्ये स्थापन झाली.

देवळाजवळच्या एका दुकानात लेखकाने पाणी मागितले. 'उद्दाक' असे म्हणत दुकानदाराने गडव्याने ओतून दिले आणि मराठी ऐकून मूळ गाव विचारले. स्वतःचे मूळ सांगताना त्याने गावाआधी कुलदेवतेचे नाव घेतले : म्हाळसा. ती देवीही त्याच शतकात साष्टीतल्या वेर्ण्याहून फोंड्याजवळ म्हार्दोळला नेली गेली. दर दोन-तीन वर्षांनी तो एर्नाकुलमला गाडीत बसतो, मडगावला उतरतो आणि म्हार्दोळला जाऊन नारळ ठेवून येतो.