अकरा महिन्यांची ऑर्डर आणि चळवळीचा खिसा

कंत्राटी माणूस नेमका कोणत्या दिवशी बेरोजगार झाला, याची नोंद कुठेच होत नाही. कायम नोकराला काढायचे तर नोटीस लागते, चौकशी लागते. आमची अकरा महिन्यांची ऑर्डर संपते, "नवी येईल, थांबा" असे तोंडी सांगतात आणि आम्ही थांबतो. मागच्या वेळी साडेसात महिने थांबलो. शासनाच्या एका योजनेत जिल्हा पातळीवर काम करणारे आम्ही सहा जण. चार बौद्ध, एक मातंग, एक भटक्या जमातीतला. सहाही एमए किंवा एमएसडब्ल्यू. खात्याचे नाव लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल.

पगार थांबला, पण वस्तीतले फोन थांबले नाहीत. "साहेब, पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म परत आलाय", "सर, जात पडताळणीला आजोबांचा दाखला मागतायत." आता आम्ही ऑर्डरवर नाही, हे सांगायचे कसे? दहावीतल्या पोरीच्या आईला त्याच्याशी काय देणेघेणे? मग स्वतःच्या पेट्रोलने तहसीलला जायचे आणि ज्या टेबलासमोर काल खुर्ची मिळत होती तिथे आज रांगेत उभे राहायचे. शिपाई तोच असतो. फक्त आमच्या गळ्यातले ओळखपत्र गेलेले असते.

घरे कशी चालली? एकाने आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतल्या. एक जण रात्री पेट्रोल पंपावर. आमच्यातल्या ताईंनी दर फॉर्ममागे पैसे मिळणारे सर्वेक्षणाचे काम धरले आणि धाकट्या बाळाला सासूबाईंकडे ठेवून गावोगाव फिरल्या. एकाचे घर वडिलांच्या पेन्शनवर चालले. वडील रेल्वेत गँगमन होते, शिक्षण सातवी. सातवी शिकलेल्या बापाची पेन्शन एमए झालेल्या पोराला आणि नातवाला पोसते, यावर आम्ही सुरुवातीला हसायचो. चौथ्या महिन्यापासून तो विषय निघेनासा झाला.

रविवारी विहारात वंदना झाली की मागच्या खोलीत बसायचो. ज्याला त्या आठवड्यात काही मिळाले त्याने डब्यात पाचशे टाकायचे, ज्याचा हप्ता थकला त्याने उचलायचे. वहीत हिशेब. उपकाराची भाषा करायची नाही, एवढा एकच नियम. मोटारसायकलचे दोन हप्ते आणि एका बाळंतपणाचा दवाखाना त्या डब्यातून निघाला.

आता मुद्द्याचे. त्या गँगमन बापाच्या पिढीनेच महाराष्ट्रातली चळवळ पोसली. रेल्वे, पोस्ट, नगरपालिका, ऑर्डनन्स फॅक्टरी, बँका इथल्या कायम नोकरदारांच्या वर्गणीतून विहारे उभी राहिली, जयंत्या झाल्या, केसेस लढल्या गेल्या. 6 डिसेंबर 1978 ला मान्यवर कांशीरामांनी बामसेफ उभी केली तीही याच माणसाच्या भरवशावर: त्याचा वेळ, पैसा आणि बुद्धी समाजाला परत मिळावी म्हणून. आज व्यासपीठावरून 'पे बॅक टू सोसायटी' ऐकवणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा माणूस काय परत करणार? कंत्राटीकरणाने आमची नोकरी जाते हे सगळ्यांना दिसते. चळवळीचा खिसा कापला जातो हे कोणी बोलत नाही.

आरक्षणाचे काय होते तेही बघा. महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण कायद्याने 45 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका तेवढ्या वगळल्या. अकरा महिने म्हणजे 45 दिवस नव्हेत. म्हणून माहिती अधिकारात आम्ही आमच्या पदांची बिंदुनामावली मागितली. उत्तर आले: कर्मचारी एजन्सीचे असल्याने माहिती उपलब्ध नाही. काम शासनाचे, पैसा शासनाचा, सही शासनाच्या अधिकाऱ्याची. आरक्षण विचारले की माणूस एजन्सीचा! सप्टेंबर 2023 मध्ये नऊ एजन्सींमार्फत भरतीचा जीआर निघाला, ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. आमच्या योजनेत एजन्सी आधीही होती, नंतरही राहिली.

कायम करा म्हटले की उमादेवी खटल्याचा 2006 चा निकाल तोंडावर फेकतात. तो निकाल आम्ही बसून वाचला. कलम 14 आणि 16 डावलून मागच्या दाराने भरती करू नका, असे तो सरकारलाच सांगतो. आणि त्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षे राबवून घेतलेल्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात सुनावले आहे. साहेबांच्या टेबलावर ही दोन्ही निकालपत्रे ठेवा, मग बोला.

आमची समजूत घालायला येणारे हमखास बाबासाहेबांचे 1917 सांगतात. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आले, सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला, जात कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. खरे आहे. पण हे "सोसा" म्हणून सांगितले जाते तेव्हा आम्हाला राग येतो. प्राध्यापकी मिळून तीन महिने झाले नाहीत तोच, जानेवारी 1919 मध्ये, ते साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष द्यायला उभे होते. पगार सुरू झाला म्हणून गप्प बसले नाहीत, हा भाग समजूत घालणारे गाळतात.

आठव्या महिन्यात ऑर्डरी आल्या. एजन्सी नवी, पगार तीन हजारांनी कमी, सोबत स्टँप पेपरवर हमीपत्र: कायम करण्याची मागणी करणार नाही. रविवारी दोन तास वाद झाला. पाच जणांनी सही केली. घरात खाणारी तोंडे होती, त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. सहाव्याने, त्याच गँगमनच्या पोराने, केली नाही. बिंदुनामावलीचे पहिले अपील आता त्याच्या नावाने लागले आहे, म्हणजे एजन्सीला ऑर्डर अडवता येणार नाही. पाच जण डब्यात हजार टाकतो. त्याच्या शिकवण्या सुरू आहेत, आणि वस्तीतले फोन त्यालाच जास्त येतात.