दोऱ्याने बांधलेला चष्मा



आम्ही नवरा-बायको भोसरीत राहतो. एक एमआयडीसीतल्या लहान कारखान्यात मालाची तपासणी करतो, दुसरी घरी मशीनवर ब्लाउज शिवते. ही हकिगत दोघांची आहे, म्हणून दोघांनी मिळून लिहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी कंत्राट संपले आणि कर्त्या माणसावर घरी बसायची पाळी आली. चाकणच्या एका कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले. अनुभव वीस वर्षांचा होता. पण चष्म्याची काडी मोडलेली, ती काळ्या दोऱ्याने बांधलेली. केस कानावर आलेले. "साहेब काम बघतील, तोंड कशाला बघतील?" असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

समोर तीन साहेब बसले होते. दोरा दिसू नये म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला. साहेबांनी ड्रॉइंग पुढे केले आणि टॉलरन्स विचारला. कागदावर होते ०.०५, तोंडून गेले ०.५. दहापट चूक! साहेबांनी कागद मागे ओढला, "कळवू" म्हणाले. कळवले नाही.

त्या रात्री दोघांनाही जेवण गेले नाही. काम येत नव्हते म्हणून नोकरी गेली असती तर मनाला एवढे लागले नसते. इथे तर लाजेपायी चष्मा खिशात गेला आणि चष्म्यापायी नोकरी गेली. "पैसे नाहीत" असे आम्ही म्हणत होतो. पण किती लागतात याची चौकशी तरी कुठे केली होती?

मग चौकशी केली. विहारात नेत्रतपासणी शिबीर लागले होते, तिथे नंबर फुकट काढून मिळाला. बाजारातल्या दुकानदाराला सांगितले, "फ्रेम हीच ठेवा, काडी आणि काचा तेवढ्या नव्या टाका." साडेचारशे रुपयांत काम झाले. गल्लीतल्या सलूनमध्ये ऐंशी रुपयांत केस कापले. एकूण पाचशे तीस रुपये. पुढची मुलाखत भोसरीतच झाली आणि काम मिळाले. चष्म्याने नोकरी दिली असे आम्ही म्हणणार नाही. काम येत होते म्हणून ती मिळाली. पण या वेळी चष्मा डोळ्यांवर होता आणि मान वर होती.

त्याच शिबिरात दुसरीचेही डोळे तपासले. वर्षभर सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागत होती. संध्याकाळनंतर काम बंद ठेवावे लागे. चाळिशी लागली होती, एवढेच! वय वाढले की डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे अंधूक दिसते. आता दिवसाला दोन ब्लाउज जास्त होतात. ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे चष्मे देऊन पाहिले गेले. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. नगावर मजुरी घेणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

आमची मुलगी नववीत आहे. फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. नंबर निघाला तेव्हा एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "पोरीला चष्मा लावू नका, लग्नाला अडचण येते." मुलगी रडू लागली. आजोबांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट केले. "त्यांच्या डोळ्यांवर काय आहे गं?" एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जाऊन फ्रेम निवडली.

या आजोबांचीही एक गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावात सगळ्यांचे केस कापणारी कात्री आपल्या वस्तीतल्या डोक्याला लागत नसे. त्यांचे केस चुलते कापायचे, कधी इकडे कमी तर कधी तिकडे जास्त. अशी सेवा नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता, पण कायदा गावात पोहोचायला वेळ लागतो. १९७४ साली ते कामासाठी भोसरीत आले आणि पहिल्यांदा सलूनच्या खुर्चीत बसले. कारागिराने गळ्याभोवती पांढरे कापड गुंडाळले आणि विचारले, "कसे कापू?" आजोबांना उत्तर देता येईना. तोवर कोणी विचारलेच नव्हते!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायभगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा उपदेश केला होता. तो नटण्यामुरडण्याचा उपदेश नव्हता. अंगावरची खूण पाहून कोणी आपल्याला खालचे ठरवू नये, हा त्यामागचा विचार होता. दोऱ्याने बांधलेला चष्मा हीही एक खूणच म्हणायची. ती आम्हीच बाळगली होती.

अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पैसा फ्रेमवर नव्हे, बरोबर नंबरावर खर्च करावा. रस्त्यावरचा तयार चष्मा घेण्याआधी डोळे तपासावेत, कारण त्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात आणि आपले दोन्ही डोळे सारखे असतातच असे नाही. चष्मा वापरल्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. काचा कोरड्या पदराने न पुसता पाण्याने धुवाव्यात. ग्राइंडरवर काम करणाऱ्याने साध्या चष्म्यावर विसंबू नये, वरून संरक्षक गॉगल घालावा. घरात साखरेचा आजार असेल तर वर्षातून एकदा डोळे तपासावेतच. केसांना रंगरंगोटी नको, महिन्याला एक साधी नीट कटिंग पुरे. दाढीला मात्र समोर नवे ब्लेड लावायला सांगावे. त्यात संकोच कसला?

आता दर महिन्याला कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आजोबा नातवाला घेऊन सलूनमध्ये जातात. "कसे कापू?" असे विचारले की नातवाच्या आधी आजोबाच सुरू होतात, "कानाजवळ बारीक, वर थोडे ठेवा, आणि मागे सरळ रेषा." खुर्चीतला नातू हसतो. आजोबा हसत नाहीत. आरशात नीट पाहून, रेषा सरळ आली की मगच पैसे देतात.